कार्डखात्यातले भिवातात्या

भिवा कासारे या माणसाबद्दल लिहायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, ती काही आळसामुळे नाही. लिहायला बसलं की मध्ये माझंच नाव येतं आणि तिथे पेन थांबतं. आता नोकरी संपली, हेडक्लार्क अण्णा गेले, तात्याही गेले, गिरणीला टाळं लागलं. ज्यांच्यासमोर लाजावं असं कोणी उरलं नाही म्हणजे लाज आपोआप कमी होईल, असा माझा हिशेब होता. तो चुकला. तेव्हा लिहूनच टाकतो.

लालबागच्या आमच्या गिरणीत सगळ्याला खातंच म्हणत. सूत कातायचं रिंगखातं, विणाईखातं, रंगखातं. सत्तावन्न साली हेड ऑफिसच्या मागच्या खोलीत विलायतेहून यंत्रं येऊन बसली, तेव्हा त्या खोलीला आपसूक कार्डखातं हे नाव पडलं. आज ज्याला कॉम्प्युटर म्हणतात त्याचा तो पणजोबा. प्रत्येक कामगाराचं एक जाड कागदाचं कार्ड असे. त्याचं खातं, त्याची पाळी, त्याची हजेरी, सगळं त्या कार्डावर भोकं पाडून नोंदायचं. मग कार्डांचा गठ्ठा सॉर्टर नावाच्या यंत्राच्या तोंडात ठेवायचा. आत बारीक तारांचा एक ब्रश होता. कार्डातलं भोक खाली आलं की तार पितळेच्या रुळाला टेकायची, वीज वाहायची आणि कार्ड बरोबर आपल्या कप्प्यात जाऊन पडायचं. मिनिटाला चारशे कार्डं. मी त्या खोलीचा मुख्य होतो. वय सत्तावीस, शिक्षण मॅट्रिक, आणि वर यंत्र विकणाऱ्या कंपनीने दिलेलं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग. छाती फुगायला तेवढं पुरतं.

आता माझं नाव. शामराव मोहिते. चोपन्न साली गिरणीत लागलो त्या दिवशी अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "मोहिते म्हणजे तळबीडचे का हो?" तळबीडचे मोहिते म्हणजे सरदारांचं घराणं. मी मंडणगड तालुक्यातला, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला महाराचा मुलगा. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी मान हलवली, तीही होकारार्थी. तोंडाने आपण खोटं बोललो नाही, याचं मला पुढे कितीतरी दिवस समाधान वाटत असे. असली समाधानं माणूस कुठून शोधून काढतो, कोण जाणे.

एकदा मान हलवली की मग ती हलवतच राहावी लागते. राहतो कुठे, तर काळाचौकीला, असं सांगून बसलो. संध्याकाळी सुटल्यावर अण्णा गिरगावची ट्राम धरेपर्यंत मी त्यांच्याबरोबर उभा राहायचो, मग काळाचौकीच्या दिशेने चालू लागायचो, आणि ट्राम दिसेनाशी झाली की उलटा वळून परळमार्गे वरळी गाठायचो. काळाचौकीच्या गणपतीत या वर्षी देखावा कसला आहे, हे मला दर भाद्रपदात आधी जाऊन बघून यावं लागे. अण्णा माझ्या डब्यातली लसणाची चटणी मागून घेत. आईच्या हातची. मी डबा पुढे सरकवत असे.

छप्पनच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या संध्याकाळी लाखो लोकांनी उभ्या उभ्या दीक्षा घेतली, त्यात मीही होतो. माझ्या एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला आमच्याच मजल्यावरचे भिवातात्या. मी देवदेवतांची पूजा करणार नाही, हे शब्द आम्ही तिघांनी एकत्र उच्चारले. तात्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं की ताप आला होता.

तात्या आमच्याच गिरणीत रिंगखात्यात होते. विणाईखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. तिथे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी कसा चालणार? त्यामुळे पगार जास्त असलेलं ते खातं आम्हाला बंद. वीस वर्षं रिंगखात्यात कापसाची धूळ खाऊन तात्यांची छाती गेली. डॉक्टरांनी धुळीतून बाहेर काढा म्हणून चिठ्ठी दिली, आणि मॅनेजर साहेबांनी त्यांना नेमकं कार्डखात्यात झाडलोटीला पाठवलं, कारण गिरणीत बिनधुळीची खोली ती एकच.

पहिल्या दिवशी तात्या दारात आले तेव्हा अण्णा माझ्याच डब्यातली चटणी बोटाने चाटत होते. "हे मोहिते साहेब," अण्णा त्यांना म्हणाले, "हे सांगतील ते करायचं." तात्यांनी डब्याकडे पाहिलं, अण्णांच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नमस्ते, साहेब," म्हणाले. मी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेला. मी म्हणालो, "भिवा, आधी खिडक्या पुसून घे."

त्या संध्याकाळी ते आमच्या खोलीच्या दाराशी आले. मी खाली मान घालून बसलेला. "शाम, तुझं तू बघ," ते म्हणाले. "माज्या तोंडून काय निघायचं नाय." बस, तेवढंच. ना राग, ना उपदेश. मला वाटतं मी तेव्हा रडलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जेवायला बसलो.

फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात अण्णा आणि मी हाताला हात धरून चाललो होतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागताना अण्णांचा घसा इतका बसला की चार दिवस ऑफिसात खुणांनी बोलत होते. मराठी माणूस एक झाला पाहिजे याबद्दल आमच्या ऑफिसात कुणाचं दुमत नव्हतं. भिवा कासारेचा पेला तेवढा वेगळा, खिडकीच्या कठड्यावर. ठेव म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. कोणी उचलून माठाशेजारीही ठेवला नाही, आणि त्या कोणीमध्ये खात्याचा मुख्य पहिला येतो.

कार्डखातं चालवलं ते मात्र खऱ्या अर्थाने तात्यांनी. मुंबईच्या दमट हवेत कार्डं फुगतात, कडा वळतात आणि यंत्राच्या तोंडात अडकतात. हे कंपनीच्या पुस्तकात होतं, पण उपाय पुस्तकात नव्हता. तो तात्यांनी काढला. कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात कळीच्या चुन्याच्या वाट्या ठेवायच्या, ओल शोषून चुना भुगा झाला की बदलायच्या. खणात कार्डं सैल ठेवायची नाहीत, मागून फळी लावून घट्ट दाबून उभी ठेवायची. सकाळी यंत्र सुरू करण्याआधी ते एक कार्ड खणातून काढून गालाला लावत. "आज नाय, साहेब," म्हणत, "अजून तासभर पंख्याखाली ठेवूया." आणि ते म्हणाले त्या दिवशी न ऐकता मी यंत्र सुरू केलं, तर दहाव्या मिनिटाला कार्ड फाटलेलं असे. यंत्र पुसायला जाड सुती चिंधी नाही, तिची लव आत जाते. जुन्या मलमलीचा तुकडा. तेल एक थेंब, तोही काडीच्या टोकाने. संध्याकाळी ब्रशावर कसलीही बारीक लव दिसली तर दाढीच्या ब्रशाने ती झटकायची. मग मेणकापडाचं आवरण घालून त्याचे बंद बांधायचे. रात्रपाळीच्या कापसाची धूळ दाराच्या फटीतून येई, म्हणून दाराला खालून कांबळ्याची पट्टी ठोकली, तीही त्यांनीच.

यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर दर तीन महिन्यांनी येई. पारशी गृहस्थ, कोणाचं कौतुक करायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. त्याने यंत्राचं पोट उघडलं आणि विचारलं, "कोण सांभाळते रे हे? फोर्टमधली मशीन एवढी साफ नाय." आणि त्याने साहेबांना लेखी दिलं की या माणसाला झाडूवाला ठेवू नका, मशीन अटेंडंट करा, कायम करा, आम्ही त्याला यंत्र उघडायला शिकवतो. साहेबांनी हो म्हटलं. दिवाळीनंतर हुकूम निघायचा होता. त्या आठवड्यात तात्यांना मी पहिल्यांदाच जोरात हसताना ऐकलं. चाळीच्या गॅलरीत ते बायकोला, आमच्या कौसल्याकाकूंना, सांगत होते, "वीस वर्सं मशीनखालचा कचरा काढला. आता मशीनला हात लावनार." ते कायम झाले नाहीत तर रिंगखात्यात परत जावं लागणार होतं, आणि ती छाती परत तिथे गेली तर काय होणार हे काकूंना, मला, सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

अठ्ठावन्न सालच्या खंडेनवमीला ऑफिसात पहिल्यांदाच यंत्रांची पूजा ठरली. त्या दिवशी हत्याराला, यंत्राला हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, काम घ्यायचं नाही, ही रीत. गिरणीच्या सगळ्या खात्यांत ती पाळत. आदल्या दिवशी तात्या अण्णांना म्हणाले, "अण्णासाहेब, पूजा करा, पन आवरनावर करा. आत कुंकू गेलं तर ब्रश खराब होईल."

अण्णा हसले. "का रे भिवा, तुम्ही आता बुद्धाचे झालात म्हणून आमच्या देवाला यंत्राजवळही येऊ द्यायचं नाही की काय?"

सगळी खोली हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते मलमलीची घडी घालत राहिले.

आणि मग अण्णा म्हणाले, "मोहिते, खातं तुमचं, तेव्हा पूजा तुमच्याच हातची."

नाही म्हणावं तर का नाही, हे सांगावं लागणार. त्या रात्री मी ठरवलं की उगीच दोन बोटं कुंकू लावून बाजूला व्हायचं. पण भिणारा माणूस कधी बेतात काही करत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस खोलीत जमलं आणि मला वाटू लागलं की प्रत्येकजण माझ्या हाताकडे बघतोय. याला पूजा येते का? याच्या घरी करतात का? मग मी सगळ्यांपेक्षा जास्त भाविक झालो. सोवळं नेसलो नाही एवढंच. सॉर्टरवरचं आवरण तात्यांनी बंद घट्ट बांधून ठेवलेलं होतं. ते मी स्वतः सोडलं. कपाटांना कुंकू, भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या यंत्रांना कुंकू, बेरजा छापणाऱ्या टॅब्युलेटरला हार. शेवटी कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची मूठ भरून मी सॉर्टरच्या तोंडापाशी आलो.

तात्या माझ्या मागेच उभे होते. अगदी हळू म्हणाले, "शाम, तोंडात नको."

शाम. ऑफिसात, सगळ्यांसमोर. कोणी ऐकलं का हे बघायला मी मान वळवली, आणि ऐकलं असेलच असं धरून ओरडलो, "भिवा, तू बाहेर हो. पूजेच्या ठिकाणी तुझं काय काम?" ते बाहेर गेले. मी ती मूठ यंत्राच्या तोंडात सोडली, वर पळीभर पाणी शिंपडलं आणि हात जोडले. अण्णा म्हणाले, "वा, मोहिते." मला बरं वाटलं. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यांत जड जाते आहे, की मला त्या क्षणी बरं वाटलं.

अण्णांनी खोलीला कुलूप लावलं. तात्या संध्याकाळी किल्ली मागायला गेले तर अण्णा म्हणाले, आज हात लावायचा नाही, उद्या दसरा. दोन दिवस ते ओलं कुंकू आणि तांदूळ तेलाच्या जागी बसून वाळले. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या सहा वाजल्यापासून दारात उभे होते. कुलूप उघडलं नऊ वाजता. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, एक तास द्या. उघडून साफ करतो." दिवाळीआधीचा पगार काढायचा होता, आठ हजार कार्डं वाट बघत होती. पण खरं कारण ते नव्हतं. यंत्र उघडून तांदूळ बाहेर काढायचे म्हणजे मी काय केलं ते सगळ्यांसमोर बाहेर काढायचं. मी म्हणालो, "वेळ नाही. सुरू कर."

पहिली दीडशे-दोनशे कार्डं गेली. मग आतून करकर आवाज आला, तात्यांनी धावत जाऊन बटण दाबलं, पण तोवर ब्रशाच्या तारा पिळवटल्या होत्या आणि कार्डांच्या चिंध्या झाल्या होत्या. नवा ब्रश कलकत्त्याहून यायचा होता. पगार चार दिवस लांबला, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर. गेटवर कामगारांनी दगडफेक तेवढी केली नाही.

पारशी इंजिनिअर आला. चिमट्याने त्याने रुळाखालून लाल तांदळाचा एक दाणा काढला आणि टेबलावर ठेवला. समोर साहेब, अण्णा, मी आणि दाराशी तात्या. "पूजा करो बाबा, दहा वेळा करो," तो म्हणाला, "पण आत कोण टाकते? आणि टाकल्यावर साफ केल्याशिवाय कोण चालवते? मला रिपोर्टमध्ये नाव लिहायचं."

अण्णा माझ्याकडे बघत होते. साहेबांनी मला विचारलं, "मोहिते?"

मी म्हणालो, "यंत्राची साफसफाई भिवाकडे असते."

शब्दाला शब्द खरं होतं. तळबीडसारखंच, इथेही मी खोटं बोललो नाही.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी टेबलावरच्या दाण्याकडे बघत होतो, वर बघायची माझी हिंमत नव्हती. मग ते म्हणाले, "होय साहेब. माज्याकडंच असते."

रिपोर्टात निष्काळजीपणा असं आलं. अटेंडंटचा हुकूम निघाला नाही. पुढच्या सोमवारी तात्या रिंगखात्यात परत गेले. आणि ऑफिसात एक वेगळंच बोलणं सुरू झालं, की भिवाने मुद्दाम साफ केलं नाही, पूजेचा सूड घेतला. ते माझ्यासमोर बोलत. मी मूग गिळून ऐकत असे.

त्यानंतर दीड वर्ष मी तात्यांना टाळलं. मजल्यावर येण्यासाठी पलीकडचा जिना वापरू लागलो. रात्री त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू येई. आई एकदा म्हणाली, "भिवाभावजींकडं जाऊन तरी ये रे, माणूस झिजत चाललाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, आणि तात्यांनी तर नाहीच. कार्डखात्यात दुसरा माणूस आला. महिन्याभरात कार्डं फुगायला लागली. मीही सकाळी कार्ड गालाला लावून बघत असे. मला काही कळत नसे.

साठ सालच्या एप्रिलमध्ये अण्णा निवृत्त झाले. दोनच दिवसांनी महाराष्ट्र राज्य होणार होतं, गिरणीवर रोषणाई चढत होती, अण्णा खुशीत होते. कपाट आवरताना त्यांनी मला एकट्याला बोलावलं आणि एक फाइल माझ्या हातात दिली. माझीच होती. वर माझा शाळा सोडल्याचा दाखला. जातीच्या रकान्यात हिंदू महार. नोकरीला लागताना टाइमकीपरकडे तो मी स्वतःच दिला होता, आणि इतकी वर्षं मनाशी धरून होतो की असले कागद कोणी वाचत नाही.

"ही आता नव्या माणसाकडे जाईल," अण्णा म्हणाले. "तुम्हीच ठेवा. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, मोहिते. काम चोख होतं तुमचं, मी विषय काढला नाही. नंतर इकडेतिकडे कुजबुज सुरू झाली, म्हणून तर पूजा तुमच्या हातून करवली. म्हटलं, एकदा सगळ्यांनी बघितलं की तोंडं बंद होतील." त्यांचा आवाज मऊ होता. आपण एका मुलाचं भलं केलं, या समाधानात ते गिरगावला गेले.

मी त्या दिवशी सरळ वरळीला आलो आणि आमच्या बाजूचा जिना चढलो. तात्या गॅलरीत स्टुलावर बसले होते. पन्नाशीही गाठली नव्हती, पण सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसत होती. कौसल्याकाकूंनी मला पाट दिला. मी उभाच राहिलो.

"तात्या, अण्णांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून."

"हां," तात्या म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी खात्यात आलो त्याच महिन्यात त्यांनी विचारलं. मोयते तुज्या चाळीतला काय रे, म्हनून. मी म्हटलं, त्यालाच विचारा."

"मग त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात? तुम्ही बोलला असतात तर माझं काहीसुद्धा गेलं नसतं. तुमची जागा वाचली असती."

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत काकू त्यांची पाठ चोळत होत्या. मग काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि तात्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले,

"मी कुठं गप्प रायलो? मी थांबलो होतो. म्हटलं, आता शाम बोलेल. लय वेळ थांबलो. मग त्या इंजिनेरनं घड्याळ बघितलं, तेवा मीच बोललो."